सोन्याचं ठोक्यांचं घड्याळ घेण्याआधी

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार.

दट्ट्या दाबला की ठोके देऊन वेळ सांगणाऱ्या, तू घ्यायच्या म्हणतोस त्या घड्याळाचे फोटो पाहिले. देखणं आहे, पण डायलवर ‘ब्रेगे, पॅरिस’ दिसलं म्हणून लगेच पैसे मोजू नकोस. अब्राहम-लुई ब्रेगे हा नामांकित घड्याळजी हयात असतानाच त्याच्या नावाची नकली घड्याळं इतकी निघाली, की 1795 च्या सुमारास तो डायलवर गुप्त सही कोरू लागला. भिंग घे, डायल उजेडात तिरकी धर आणि 12 च्या आकड्याजवळ बघ. केसासारख्या बारीक रेघांत त्याचं नाव दिसतं. सगळ्याच घड्याळांवर ती नसते. म्हणून आतला क्रमांकही टिपून घे. ब्रेगे कंपनीकडे जुन्या विक्रीच्या वह्या आहेत, त्यांच्याशी तो ताडून बघता येईल.

हा माणूस आजच्या स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेलचा, जन्म 1747 चा. 1775 मध्ये त्याने पॅरिसला सेन नदीकाठी दुकान थाटलं. तोवर अशा घड्याळांत घंटा बसवत, त्यामुळे ती जाडजूड असत. 1783 मध्ये ब्रेगेने घंटेच्या जागी पोलादी तार आणली आणि घड्याळ सडपातळ झालं. मला तर त्याची सगळ्यात मोठी करामत हीच वाटते.

आता खरी परीक्षा ठोक्यांची. दट्ट्या दाबला की ठोक्यांची स्प्रिंग भरते. आत पायऱ्यापायऱ्यांच्या दोन चकत्या असतात: तासांची 12 पायऱ्यांची, पाव तासांची 4 पायऱ्यांची. दांडा ज्या पायरीवर टेकेल, तितके ठोके. काटे 3:59 वर लाव. आधी तासांचे तीन एकेरी ठोके, मग पाव तासांचे तीन जोडठोके ऐकू यायला हवेत. 4:01 ला फक्त चार. तिथे चारानंतर जोडठोके आले, तर पाव तासांची चकती किंवा तिला जोडलेली, तास बदलताच पुढे सरकून जादा जोडठोके थांबवणारी उडती पट्टी झिजलेली असू शकते, आणि हे काम स्वस्तात होत नाही. दट्ट्या अर्धवट दाबूनही बघ: चांगलं घड्याळ मुळीच वाजत नाही, बिघडलेलं चुकीचे तास सांगतं.

ठोके रेंगाळले तर घाबरू नकोस, बहुतेक वेळा जुनं तेल घट्ट झालेलं असतं. पण आवाज ठस्स आला, तर तार घड्याळाच्या केसला (बाहेरच्या डबीला) घासत असेल किंवा तिला चीर गेली असेल. ते उघडल्याशिवाय कळायचं नाही.

आणि ठोके चालू असताना काटे अजिबात फिरवू नकोस, दांडा चकतीत अडकून दाते तुटू शकतात. केसला पॉलिशही करू देऊ नकोस, वरची नक्षी कायमची बुजते.

4:01 ला काय वाजलं ते फोनवर मला ऐकव.

तुझा,
विनय