तबकडीवाल्या काकांना, जाहीर आभार

आदरणीय काका,

पोवाडे आणि जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्यांवरच्या माहितीपटाचं आवाजाचं काम संपलं. आभार मानायला गिरगावात घरी येणारच आहोत. तरी हे जाहीर लिहितोय, कारण पोवाडे, शाहिरी आणि इंग्रजी अमदानीतल्या तबकड्यांवर मुंबईत काम करणारे आणखी बरेच जण आहेत आणि तुमच्यासारखं सगळं उघड करून दाखवणारं माणूस त्यांना सहसा भेटत नाही.

पहिले आभार सुईबद्दल. एलपीची, म्हणजे नंतरच्या प्लॅस्टिकच्या तबकडीची, सुई साधारण २५ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते. लाखेच्या तबकडीची खाच त्याहून बरीच रुंद, त्यामुळे ती सुई तळाच्या धुळीत घासत जाते आणि गाण्याआधी खरखरच ऐकू येते. तुम्ही ७५ मायक्रॉनची लावलीत. जुन्या पोलादी सुईनं खाचेची भिंत जिथं झिजली होती, तिथं आणखी जाड किंवा थोडी बारीक लावून न झिजलेली जागा शोधलीत. धुण्याचा नियम तर दारावर लिहून लावावा असा: स्पिरिट अजिबात नको, त्यात लाख विरघळते. डिस्टिल्ड वॉटर, मऊ ब्रश, आणि लेबलवर पाण्याचा थेंबही नाही. आपल्या दमट हवेत बुरशी धरलेली तबकडी न धुता वाजवली, तर बुरशी खाचेत दाबली जाते.

मग वेग. १९२५ च्या आसपास विजेचं ध्वनिमुद्रण आलं. त्याआधीच्या तबकडीचे मिनिटाला ‘७८ फेरे’ म्हणजे निव्वळ अंदाज. ७४ फेऱ्यांवर कोरलेली तबकडी ७८ वर वाजवली की पेटीच्या पांढरी सहा पट्टीतला गळा जवळजवळ अर्धा सूर वर, काळी पाचला जातो आणि तीन मिनिटांतले नऊ सेकंद गायब होतात. नुसत्या पेटीच्या सुरावर भरवसा ठेवू नका, तेव्हाच्या पेट्या एका सुरात कुठं होत्या, हे तुमचंच म्हणणं. तुम्ही शेवटची घोषणा ऐकायला लावलीत. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या गैसबर्ग या ध्वनिमुद्रकानं कोलकात्यात गायिका गौहर जानचं ध्वनिमुद्रण केलं, त्या तबकड्या छापायला जर्मनीत हानोवरला गेल्या. तिथल्या कामगारांना कोण गातंय ते कळावं म्हणून गाणं संपताच गायिका इंग्रजीत आपलं नाव सांगते. माहितीपटवाले हाच तुकडा आधी कापतात. वेग तपासायला मात्र तोच कामाचा: गाण्यातला चढा सूर खपून जातो, बोलणं चिरकं झालं की लगेच कळतं. शिवाय वसाहतीचा कारभार कसा चालायचा, हे त्या चार शब्दांत जितकं ऐकू येतं तितकं निवेदकाच्या पानभर मजकुरात येत नाही.

खरखर काढण्याबाबत तुम्ही हट्टी आहात, आणि बरोबर आहात. आपोआप टिकटिक काढणाऱ्या सॉफ्टवेअरला डफाची थाप आणि तबकडीवरचा ओरखडा यांतला फरक कळत नाही. थापेची धारच जाते. म्हणून मूळ डिजिटल प्रत २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ अशा वरच्या दर्जावर जशीच्या तशी ठेवायची, आणि ओरखडे दुसऱ्या प्रतीवर एकेक करून हातानं काढायचे.

सगळ्यात मोठं ऋण मात्र क्रमाचं आहे. जुन्या शाहिरासमोर तबकडी आधी वाजवली की तो तिचाच सूर धरतो, तिचेच शब्द म्हणतो. छापील पुस्तक ठेवलं तर वाचायलाच लागतो. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर अॅकवर्थ, ज्यांच्या नावाचं रुग्णालय वडाळ्यात आहे, यांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासोबत जमवलेले पोवाडे १८९१ मध्ये छापले. त्या कामाची किंमत कमी नाही, पण छापताना एकच पाठ उरतो. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. त्यात तासभर चालणाऱ्या पोवाड्याचं काय उरणार? म्हणून आधी शाहिराला त्याच्या पद्धतीनं पूर्ण गाऊ द्यायचं, मग तबकडी ऐकवायची, आणि ऐकताना कॅमेरा चेहऱ्यावर, तोही पहिल्याच वेळी. ‘आमच्यात हे कडवं असं नाही’ हे वाक्य दुसऱ्यांदा तसं येत नाही.

डफाचंही तुम्हीच बजावलंत. पावसाळ्यात चामडं सैल पडतं, शेकलं की सूर चढतो. शेकण्याआधीचा आणि नंतरचा टेक जोडायचा नाही.

कॉपीराइटच्या हक्कांचं थोडक्यात: ध्वनिमुद्रणाला प्रकाशनानंतर ६० वर्षं, शब्दांना कवीच्या मृत्यूनंतर ६०. अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख दोघेही १९६९ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांसाठी २०२९ अखेरपर्यंत लेखी परवानगी लागणारच.

श्रेयनामावलीत नाव नको म्हणालात, ते पाळतो. पण पडद्यावर प्रत्येक तबकडीखाली फेरे आणि सुईचं माप छापणार आहोत. त्याला नाही म्हणू नका.

तुमचे,
माहितीपटाची मंडळी