'चाके आत सरकवली की झाले' असे सांगून विकलेल्या इंजिनाबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : बागेतल्या रेल्वेसाठी घेतलेले इंजिन व बॅटरी-रेडिओ संच वर्णनाप्रमाणे नसल्याने पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय/महोदया,

आपल्या कंपनीकडून मी सहा चाकांचे, विजेवर चालणारे छोटे मॉडेल इंजिन आणि त्यात बसवायचा बॅटरी-रेडिओ संच मागवला होता. दोन्ही वस्तूंबद्दल तक्रार आहे. फोन झाले, मेल झाले, 'वरिष्ठांशी बोलून कळवतो' हेही ऐकून झाले. म्हणून हे पत्र.

मी कर्जतला राहतो आणि अंगणात नेरळ-माथेरान गाडीची प्रतिकृती उभारतो आहे. हा मार्ग 1907 साली सुरू झाला. त्याच्या रुळांमधले अंतर दोन फूट, म्हणजे 610 मिमी. 1:19 प्रमाणात मॉडेल केले की त्याला 32 मिमीचे रूळ चपखल लागतात (32 गुणिले 19 म्हणजे 608, राहिलेले दोन मिलिमीटर मी सोडून दिले आहेत). बाजारात मात्र बहुतेक माल 45 मिमीचा. 1:22.5 प्रमाणात ते मीटरगेज (रुळांमध्ये एक मीटर अंतर) होते, तिथे ते योग्यच आहे. पण 1:19 ची गाडी 45 मिमीवर चालवली तर हिशेबाने रुळांमधले अंतर 855 मिमी येते, आणि तशी गाडी नेरळहून आजवर सुटलेली नाही.

हे सगळे मी पैसे भरण्यापूर्वी आपल्या विक्री प्रतिनिधीला लेखी विचारले होते. रूळ 32 मिमीचे, वळणाची त्रिज्या 762 मिमी आणि चढही आहे, हे स्पष्ट कळवले होते. माथेरानची जुनी ओरेनस्टाइन अँड कॉपेल बनावटीची इंजिने क्लीन-लिंडनर पद्धतीच्या सरकत्या आसांमुळे घाटातली वळणे घेत. मॉडेलमध्ये तसे काही असावे असा माझा आग्रह नव्हता, पण इंजिन लांबीला आखूड आणि चाके जवळजवळ असलेले हवे होते. उत्तर आले : "हे मॉडेल दोन्ही मापांवर चालते. चाके आत सरकवली की झाले." आपल्या कॅटलॉगच्या पानावरही 'सहज बदलता येते' असेच छापले आहे.

इंजिन आले, ते उलटे करून पाहिले आणि मामला लगेच लक्षात आला. याची चौकट चाकांच्या आतल्या बाजूला आहे. चौकट आणि गिअरबॉक्स मिळून प्लॅस्टिकचा एकच अखंड ठोकळा, रुंदी 34 मिमी. 32 मिमीच्या रुळांवर चालायचे तर दोन चाकांच्या आतल्या बाजूंमध्ये साधारण 28 मिमी अंतर लागते. चौतीसचा ठोकळा अठ्ठावीसच्या फटीत बसवण्याची युक्ती आपल्या तंत्रज्ञाने मला शिकवावी. माझी सारी नोकरी लेथवर काम करण्यात गेली, आस कापणे किंवा नवे बुशिंग करणे मला जड नाही. पण इथे कापायला जागाच नाही. ठोकळा तासला तर गिअर उघडे पडतात. ज्या इंजिनाची चौकट चाकांच्या बाहेर असते, त्याची चाके बहुधा आत घेता येतात. आतल्या चौकटीचे इंजिन विकताना हा फरक विक्रेत्याला माहीत असायलाच हवा.

यावर आपल्याकडून आलेला उपाय असा : रूळच 45 मिमीचे घ्या, 10 टक्के सूट देतो. म्हणजे टोपी बसत नाही म्हणून डोके बदला!

आता संचाबद्दल. कर्जतच्या पावसात रुळांतून वीज देणे म्हणजे रोज रूळ घासत बसणे, म्हणून बॅटरी. (खरी गाडी पावसाळ्यात नेरळ ते माथेरानजवळचे अमन लॉज स्थानक एवढ्या टप्प्यात बंद ठेवतात, अंगणातल्या गाडीला ती सवलत घरचे देत नाहीत.) चार लिथियम सेल, 14.8 व्होल्ट, रेडिओवर चालणारा कंट्रोलर. कागदावर उत्तम. माझ्याकडे 45 मिमीचे थोडे जुने रूळ होते, त्यावर आपल्या माहितीपत्रकातल्या आकृतीप्रमाणेच तारा जोडून चाचणी घेतली. इंजिन सरळ रुळावर छान धावले. सांध्यावर, जिथे रूळ एकमेकांना छेदतात तिथे पोहोचताच कंट्रोलर जळाला.

कारण साधे आहे. चाकांवर टेकून रुळांतली वीज घेणाऱ्या पत्र्या मोटरपासून तोडायच्या असतात. त्या तशाच राहिल्या तर बॅटरीची वीज उलट चाकांवाटे रुळांत उतरते आणि सांध्यावर शॉर्ट होतो. आपल्या माहितीपत्रकात याचा एका शब्दानेही उल्लेख नाही. उलट आकृतीत त्या पत्र्या मोटरला जोडलेल्याच दाखवल्या आहेत. संचात फ्यूजही नाही. लिथियम सेलचा शॉर्ट म्हणजे केवळ कंट्रोलरचे नुकसान नव्हे, आग लागू शकते. हे खेळणे मुले हाताळतात, याचा विचार कोणी केला होता का?

'खोका उघडला आहे, माल परत घेता येणार नाही' हे आपले शेवटचे उत्तर मला मान्य नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 नुसार सदोष किंवा जाहिरातीतल्या वर्णनाप्रमाणे नसलेला माल परत घेण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही. आणि इंजिन उलटे करून पाहायला खोका उघडावाच लागतो.

माझ्या मागण्या : इंजिन आणि संच या दोन्हींची पूर्ण किंमत कुरिअर खर्चासह परत करावी आणि माल आपल्या खर्चाने न्यावा. बदली माल किंवा कूपन नको. कॅटलॉगमधून 'सहज बदलता येते' हे वाक्य काढून तिथे चौकटीची रुंदी छापावी. हा संच ज्यांनी ज्यांनी घेतला आहे त्यांना दुरुस्त आकृती आणि फ्यूज पाठवावा. ही शेवटची मागणी मला पैशांपेक्षा महत्त्वाची वाटते.

याच नियमांप्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिनाभरात अपेक्षित आहे. तसे न झाल्यास 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करून रायगड जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहकाला स्वतःच्या जिल्ह्यात दाद मागता येते, त्यामुळे आपल्या शहरापर्यंत येण्याचा प्रश्न नाही.

सोबत : बिलाची प्रत, विक्री प्रतिनिधीशी झालेला लेखी संवाद, कॅटलॉगच्या पानाचे छायाचित्र, व्हर्नियर लावून घेतलेले चौकटीचे फोटो आणि जळालेल्या कंट्रोलरचे फोटो.

आपला,
एक ग्राहक, कर्जत
(नाव, पत्ता व ऑर्डर क्रमांक बिलाच्या प्रतीवर आहेत)