घोट्याची प्लेट : बाजूने की मागून?

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेले एक्स-रे पाहिले. फिब्युला (पोटरीचं बाहेरचं बारीक हाड) सिंडेस्मोसिसच्या, म्हणजे घोट्यावर तो नडगीच्या हाडाला जिथे लिगामेंटनी बांधलेला असतो त्या जोडाच्या, पातळीवर तिरका मोडलाय, म्हणजे वेबरच्या वर्गवारीतला बी प्रकार, आणि प्लेट बाजूने लावू की मागून असं तू विचारतोस. कातडी धड असेल तर मागून, असं माझं मत.

बाजूची पद्धत आपल्या सगळ्यांच्या हातातली. फ्रॅक्चरच्या रेघेला काटकोनात ३.५ मिमीचा लॅग स्क्रू (दोन तुकडे एकमेकांवर आवळणारा), त्यासाठी अलीकडच्या कॉर्टेक्सला, म्हणजे हाडाच्या कठीण कवचाला, ३.५ चं ड्रिल, पलीकडच्याला २.५ चं, आणि वरून वन-थर्ड ट्युब्युलर (नळीच्या तिसऱ्या हिश्शासारखी वळलेली पातळ) प्लेट. घोळ होतो तो खालच्या टोकाला. तिथला स्क्रू आरपार गेला तर सांध्यात शिरेल, म्हणून ४ मिमीचे कॅन्सेलस (मऊ हाडासाठीचे) स्क्रू आखूडच ठेवावे लागतात, आणि सत्तरीतल्या बाईच्या भुसभुशीत हाडात ते पकडत नाहीत. शिवाय प्लेटवर कातडीखेरीज काहीच नसतं. आपली माणसं मांडी घालून बसतात, बाहेरचा घोटा थेट फरशीवर टेकतो. मग वर्षभराने 'डॉक्टर, प्लेट काढा' हे आलंच.

मागून लावलेली प्लेट अँटिग्लाइडचं, म्हणजे तुकड्याला घसरू न देण्याचं, काम करते. खालचा तुकडा वर आणि मागे सरकू पाहतो, आणि प्लेट नेमकी त्याच्या वाटेत उभी असते. तिला फारसा बाक देऊ नकोस. पहिला स्क्रू तुकड्याच्या टोकाच्या जरा वर टाक. तो आवळताना प्लेटच तुकड्याला पुढे ढकलून जागेवर बसवते. मग प्लेटमधूनच मागून पुढे लॅग स्क्रू. खालचे स्क्रू सांध्याकडे जात नसल्याने लांब घेता येतात. मात्र प्लेट फार खाली उतरवलीस किंवा खालच्या स्क्रूचं डोकं वर राहिलं, तर पेरोनिअल टेंडन (फिब्युलाच्या मागून पावलाकडे जाणारे स्नायूंचे दोर) त्यावर घासत राहतात. खालचं भोक रिकामं ठेवलं तरी चालतं. छेद घेताना सुरल नर्व्ह (तिथून जाणारी संवेदनेची नस) सांभाळ.

तुझ्या केसमध्ये मागचा मॅलिओलसही (नडगीच्या हाडाच्या खालच्या टोकाची मागची कड) फुटल्यासारखा दिसतो. सीटी केल्याशिवाय टेबलावर घेऊ नकोस. सांध्याचा चौथा भाग तुटला असेल तरच फिक्स करा, हा जुना नियम आता पुरेसा वाटत नाही. मागचं सिंडेस्मोटिक लिगामेंट त्याच तुकड्याला चिकटलेलं असतं, म्हणून तो नीट बसवला की सिंडेस्मोसिसही बऱ्याचदा घट्ट होतो. पालथं झोपवलंस तर पेरोनिअल आणि एफएचएल (अंगठा वाकवणारा स्नायू) यांच्या मधून, त्याच छेदातून, तिथे पोचता येतं. आतला मॅलिओलस (आतल्या बाजूचा घोटा) त्या पोझिशनमध्ये गैरसोयीचा, पण गुडघा वाकवून ४ मिमीचे दोन स्क्रू टाकता येतात.

इम्प्लांट कुठलंही घे, फिब्युलाची लांबी आणि रोटेशन चुकलं तर सगळं वाया. टॅलस (घोट्याच्या खोबणीत बसणारं पावलाचं हाड) १ मिमी बाहेर सरकला तरी सांध्याचा संपर्क सरासरी ४२ टक्क्यांनी घटतो, हे रॅम्से आणि हॅमिल्टन यांनी १९७६ मध्येच दाखवलंय. पाय १५ ते २० अंश आत वळवून मॉर्टिस व्ह्यू (घोट्याची खोबण मोकळी दाखवणारा एक्स-रे) बघ, दुसऱ्या पायाशी ताडून.

प्लेट झाल्यावर हुक टेस्ट कर, म्हणजे फिब्युला हुकने बाहेर ओढून सिंडेस्मोसिस ढिला आहे का ते बघ. फिब्युला हलला तर सांध्याच्या २ सेंमी वर, सांध्याला समांतर आणि २० ते ३० अंश पुढे रोखून ३.५ चा स्क्रू. दोन्ही हाडं आवळून धरणारा क्लॅम्प तिरका धरलास तर फिब्युला चुकीच्या जागी बसतो, आणि साध्या एक्स-रेत ते कळतही नाही. स्क्रूऐवजी सुचर बटण (दोन बटणांमध्ये ताणलेला मजबूत दोरा) ही चूक थोडी माफ करतं, पुढे काढावंही सहसा लागत नाही, पण महाग. पेशंटला परवडत नसेल तर स्क्रूत कमीपणा नाही.

प्लेटऐवजी फिब्युलाच्या आत घालायची सळई, म्हणजे नेल, मी मधुमेही आणि पातळ कातडीच्या म्हाताऱ्यांसाठी राखून ठेवीन. छेद जेमतेम सेंटिमीटरभर, त्यामुळे जखमेची कटकट कमी. चुरा झालेल्या फ्रॅक्चरमध्ये मात्र नेल स्क्रूंनी लॉक करण्याआधीच फिब्युलाची लांबी मिळवावी लागते, नंतर काही हाती राहत नाही.

सूज उतरून कातडीला सुरकुत्या पडेपर्यंत थांब, आठवडा गेला तरी चालेल. तोवर सांधा जागेवर बसवून प्लास्टरचा स्लॅब, आणि पाय उंच. पेशंटची साखर किती आणि पायाला संवेदना आहे का, ते सीटीबरोबर कळव. संवेदना नसेल तर नेहमीच्या ६ आठवड्यांत वजन टाकू देता येणार नाही, आणि फिक्सेशनही जास्त भक्कम लागेल.

तुझा,
अविनाश