रविवारी बंद असलेलं म्युझियम

प्रति,
व्यवस्थापक, युरोप सहल विभाग

विषय : 12 मे 2024 रोजी व्हॅटिकन म्युझियम व सिस्टीन चॅपल न दाखवल्याबाबत

महोदय,

तुमच्या कार्यक्रमपत्रिकेत नवव्या दिवसापुढे छापलंय : ‘व्हॅटिकन म्युझियम व सिस्टीन चॅपल, प्रवेश तिकिटासह.’ नववा दिवस म्हणजे 12 मे, रविवार. हे म्युझियम रविवारी बंद असतं. महिन्यातला शेवटचा रविवार तेवढा अपवाद, आणि मे महिन्यात तो 26 तारखेला होता. म्युझियमच्या वेबसाइटवर वर्षाचं कॅलेंडर असतं, बघायला पैसे पडत नाहीत.

सेंट पीटर चौकातून तटाच्या कडेकडेने आम्ही सगळे वीस मिनिटं उन्हात चाललो. पुढे बंद दार. तुमच्या टूर मॅनेजरने ते चक्क ढकलून पाहिलं. मग म्हणाला, “काकू, काहीतरी अपरिहार्य कारण दिसतंय.” रविवार हे अपरिहार्य कारण आहे, मान्य. पण तो दर आठवड्याला येतो.

मी एकतीस वर्षं सांगलीत चित्रकला शिकवली. इंटरमिजिएटच्या मुलांना यथार्थदर्शन, म्हणजे सपाट कागदावर खोली कशी दाखवायची ते, समजावताना राफाएलचं ‘स्कूल ऑफ अथेन्स’ फळ्यावर कितीदा काढलं असेल! कमानींच्या सगळ्या रेषा मागे जात जात प्लेटो आणि अ‍ॅरिस्टॉटलच्या मधोमध एका बिंदूत मिळतात. जुन्या मासिकातून कापलेलं ते पान घड्यांवर फाटलं, तरी मी ते सोबत नेलं होतं. याच म्युझियमच्या भिंतीवरचं मूळ चित्र आणि माझ्यामध्ये तुमचं एक न पाहिलेलं कॅलेंडर आलं.

तुमच्या कार्यालयातून फोनवर उत्तर मिळालं की सेंट पीटरचं मोठं चर्च, बॅसिलिका, दाखवली, म्हणजे व्हॅटिकन झालं. अहो, बॅसिलिकेत प्रवेश फुकट आहे! सिस्टीन चॅपलला म्युझियममधूनच जावं लागतं, आणि मायकेलअँजेलोने 1508 ते 1512 अशी चार वर्षं रंगवलेलं छत तिथे आहे. बॅसिलिकेतलं त्याचं ‘पिएता’ हे शिल्प काचेआडून पाहिलं, डोळे भरून आले, ते नाकारत नाही. पण तिथेही तुमची कृपा झालीच. गुडघे-खांदे झाकलेले हवेत, हे आदल्या रात्री कोणी सांगितलं नाही. ह्यांना थ्री-फोर्थमुळे दारातच अडवलं. शेवटी माझी ओढणी लुंगीसारखी गुंडाळून ते आत आले. नातवंडं तो फोटो बघून अजून हसतात, म्हणून त्याचे पैसे मागत नाही.

मागते ते एवढंच : म्युझियमचं तिकीट 20 युरो आणि ऑनलाइन आरक्षणाचे 5, असे दोघांचे मिळून 50 युरो, शिवाय न मिळालेल्या म्युझियम गाइडचे तुम्ही घेतलेले पैसे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्या. नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. निवृत्त आहे, वेळ भरपूर आहे.

आणखी एक. तुमच्या नव्या पत्रकात पुढच्या गटाला हेच म्युझियम शनिवारी, 29 जूनला दाखवणार असं लिहिलंय. त्या दिवशी संत पीटर आणि संत पॉल यांचा सण असतो. म्युझियम बंद. त्या लोकांना आत्ताच कळवा.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, सांगली

सोबत : कार्यक्रमपत्रिका, पावतीची प्रत, बंद दाराचा फोटो