अभीच्या केदारकंठ्याबद्दल

ट्रॉम्सो, नॉर्वे

प्रिय आई,

अभी महिनाअखेर उत्तराखंडातल्या केदारकंठ्याच्या बर्फातल्या ट्रेकला निघालाय म्हणे. अडवू नकोस, जाऊ दे. फक्त हे पत्र त्याला आणि त्याच्या मित्रांना वाचायला दे. मित्रांना मुद्दाम, कारण गारठलेल्या माणसाचं स्वतःकडे लक्षच राहत नाही.

इथे सध्या सूर्य उगवत नाही, तरी समुद्रामुळे पारा फार उतरत नाही. पण नुसत्या पाऱ्यावर जाऊ नये. भिजलेले कपडे आणि वारा एकत्र आले की शून्याच्या वरही माणूस गारठतो; भर पावसात सह्याद्रीतसुद्धा. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की तो हायपोथर्मिया. आधी दातावर दात आपटतात. तोवर शरीर झुंजतंय म्हणायचं. मग जॅकेटची चेन लावता येत नाही, पाय अडखळतात, जीभ जड होते, माणूस चिडतो नाहीतर गप्प होतो. विचारलं तर ‘मी ठीक आहे’. (अभी एरवीही हेच म्हणतो!) पुढे कुडकुडणंच थांबतं. सोबत्यांना वाटतं उतार पडला, पण खरा धोका तेव्हाच असतो. काही जण तर उकडतंय म्हणत अंगावरचे कपडे काढतात.

अशा वेळी आपल्याकडे हातपाय चोळतात, ब्रँडी पाजतात. दोन्ही नको. दारूने त्वचेकडे रक्त धावतं, ऊब वाटते आणि आतली उष्णता निघून जाते. गार पडलेलं हृदय धसमुसळेपणाने बिघडतं, म्हणून त्याला अलगद आडवं करायचं, अंगाखाली मॅट, ओले कपडे काढून कोरडी स्लीपिंग बॅग, डोकं झाकलेलं. गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून छातीशी, काखेत. पूर्ण शुद्धीत असेल तरच गरम गोड चहा. आणि ताबडतोब मदत बोलवायची.

थंडगार, निपचित पडलेला माणूस गेलाच असं धरू नये. १९९९ मध्ये आना बोगेनहोल्म ही तरुण डॉक्टर नार्विकजवळ बर्फाखालच्या ओढ्यात ८० मिनिटं अडकली. तापमान १३.७ अंश, हृदय बंद. इथल्याच हॉस्पिटलात तिचं रक्त यंत्राने हळूहळू तापवलं. ती जगली, पुढे इथेच नोकरीला लागली.

सुती बनियन आणि जीन्स त्याच्या बॅगेतून काढून टाक. घाम शोषून ती ओलीच राहतात. लोकरीचे मोजे जादा दे. बाबांची माकडटोपीही दे, फोटोत वाईट दिसते म्हणाला तरी.

तुझी,
मनू