दोघं दिसल्याशिवाय दोर सोडू नकोस

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

मनी आणि बोक्याला घेऊन तू कालव्याने बोटीतून जाणार, हे ऐकल्यापासून बाबांनी पाण्याचा धसका घेतलाय. मला पाण्याची तेवढी भीती नाही. मांजर पोहतं. बोटीच्या गुळगुळीत, उभ्या अंगावर मात्र त्याला चढता येत नाही. नखं रोवायला काही सापडलं नाही की ते घिरट्या घालत दमतं, आणि गार पाण्यात तर फार लवकर. म्हणून मुक्कामाला काथ्याच्या चटईची एक लांब पट्टी कडेला घट्ट बांधून पाण्यात सोडून ठेव. इंजिन सुरू करण्याआधी ती आठवणीने वर ओढ, नाहीतर पंख्यात गुंडाळली जाईल.

मला काळजी आहे ती काठाची. मांजराचा जीव जागेत असतो आणि तुमची जागा तर रोज बदलणार. त्यात त्यांची शिकारीची वेळ पहाटेची नि तिन्हीसांजेची, म्हणजे नेमकी तुझी निघण्याची नि मुक्कामाला लागण्याची. तेव्हा संध्याकाळचं खाणं बोटीवरच, ठरल्या वेळी, डबा खुळखुळवून दे. खाऊन झालं की दार बंद. सकाळी दोघं डोळ्यांना दिसल्याशिवाय इंजिनला हात लावायचा नाही. "असतील पलंगाखाली" हे चालणार नाही. इंजिनच्या खणातही डोकाव; इंजिन बंद केलं तरी तो बराच वेळ उबदार राहतो, आणि बोक्याला ऊब हुडकायला कुणी शिकवावं लागत नाही.

एखादं आलंच नाही, तर त्या दिवशी निघू नकोस. शेजारच्या बोटवाल्यांना आधी सांग, कारण उघड्या दारातून तिकडे शिरून झोपलेलं असू शकतं आणि ती बोट निघाली म्हणजे संपलंच.

लॉकमध्ये, म्हणजे बोट वरच्या किंवा खालच्या पातळीवर नेणाऱ्या कालव्यातल्या दारांच्या हौदात, दोघंही केबिनमध्ये, दार लावून. तिथे पाणी भरताना खळबळ होते, बोट भिंतीला धडकते. घाबरलेलं मांजर उडी मारतं आणि बोट नि भिंत यांच्या फटीत पडतं. तेव्हा तुझे हात दोरात अडकलेले असतात.

डेकवर हार्नेस घाल, पण दोरी इतकी आखूड ठेव की मांजर कडेपलीकडे जाऊच नये, नाहीतर लटकेल. लाइफ जॅकेट घेतलंस तर पाठीवर मूठ असलेलं घे, उचलायला बरं पडतं. मनी ते अंगावर राहू देईल असं मला वाटत नाही. गळ्यातला पट्टा ओढ बसताच सुटणारा हवा, फांदीत अडकला तर फास लागणार नाही. डिझेल सांडलं तर लगेच पूस. अंगाला लागलं तर त्यांना चाटू देऊ नकोस, भांड्यांच्या साबणाने धुऊन डॉक्टरांना फोन कर. पत्र्याचं छप्पर उन्हात तापतं. मांजर तोंड उघडून धापा टाकू लागलं तर ताबडतोब सावलीत ने.

आणि त्यांच्या कातडीखाली बसवलेली मायक्रोचिप. बाबांना वाटतं त्यावरून मांजर कुठे आहे ते कळतं. तसं काही नसतं. त्यात फक्त एक क्रमांक असतो, तो स्कॅनरने वाचून नोंदीतला फोन नंबर शोधतात. दोघांच्या नोंदीत अजून माझाच नंबर आहे. तुम्ही कुठल्या वळणावर आहात हे मला घरबसल्या काय सांगता येणार? निघण्याआधी तुझा मोबाइल नंबर घाल.

तुझी,
आई