चाचणीची तयारी म्हणजे सराव प्रश्नपत्रिका नव्हे

संपादक महोदय,

४ डिसेंबर २०२४ रोजी ‘परख’ राष्ट्रीय सर्वेक्षणात तिसरी, सहावी आणि नववीच्या मुलांची चाचणी झाली. शिक्षणाचा एकेक टप्पा संपताना मुलांना काय येते, हे पाहणाऱ्या या चाचणीत पास-नापास नसते. तरीही अशी चाचणी जवळ आली की वर्गात सराव प्रश्नपत्रिकांचा रतीब सुरू होतो आणि खरे निदान राहून जाते.

तिसरीची हातच्याची वजाबाकी घ्या. ५२ − २७ चे उत्तर अनेक मुले ३५ लिहितात. फुली पडते, ‘हातचा कच्चा’ असा शेरा मिळतो. पण ३५ दोन वाटांनी येते. एक मूल २ मधून ७ जात नाहीत म्हणून उलट ७ मधून २ वजा करते. दुसरे १२ मधून ७ बरोबर वजा करते, पण सुटा केलेला दशक कमी करायला विसरते. दोघांना ४१ − १८ द्या. पहिल्याचे उत्तर ३७ येईल, दुसऱ्याचे ३३. म्हणून निदानासाठी गणित काढताना एककाच्या अंकांत ५ चा फरक ठेवू नये. चुका एकमेकींत लपतात. पहिल्याला दहा-दहा काड्यांचे गठ्ठे देऊन रबर काढून गठ्ठा सोडू द्यावा लागतो. दुसऱ्याला दशकाचा अंक खोडून वर नवा अंक लिहिण्याची सवय बहुधा पुरते. दोघांकडून तीच पन्नास गणिते करून घेणे हा मुलांवर अन्याय आहे.

संख्यालेखनाचेही तसेच. मराठीत एकक आधी उच्चारतो, त्यामुळे ‘अडतीस’ ऐकून मूल ८३ लिहिते; ‘एकोणसत्तर’मधले सत्तर ऐकून ७९. रोज अशा पाचच संख्या सांगून लिहून घ्याव्यात.

वाचनात केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानाचे तिसरीचे लक्ष्य मिनिटाला किमान ६० शब्द, तेही अर्थासह, असे आहे. घड्याळ लावले की अर्थ मागे पडतो. उतारा न वाचलेला असावा आणि शेवटी ‘असे का झाले असेल?’ हा एक प्रश्न तरी विचारावा.

राज्याच्या पायाभूत (वर्षारंभीच्या) आणि संकलित (सत्राअखेरच्या) चाचण्यांच्या उत्तरपत्रिका शिक्षकच तपासतात. शिक्षण विभागाने गुण ऑनलाइन भरायला मुदत द्यावीच, पण त्यानंतरचे दोन आठवडे नवा पाठ न घेता चुकांच्या प्रकारानुसार गट करून शिकवण्यासाठी राखून ठेवावेत आणि वेळापत्रकात तशी लेखी नोंद करावी.

— काही प्राथमिक शिक्षक, सातारा जिल्हा